टेडिंग्टनचे पाळक स्टीफन हेल्स

झाडास पाणी घालण्याचे काम आपणांपैकी पुष्कळांच्या नित्य परिचयाचे आहे. परंतु घातलेले पाणी पुढे जाते कोठे, ह्याचा विचार फार थोडे लोक करितात. घागरीमागून घागरी मुळांशी ओतल्या तरी दोन दिवसांत जमीन पुन्हा कोरडी पडते, आणि झाडाचे वजन काही तितके वाढलेले नसते. मग ते पाणी झाडात राहिले, जमिनीत मुरले, की आकाशात उडून गेले? ज्या पुरुषाने तराजू हाती घेऊन, सकाळ-संध्याकाळ वजने करून ह्या प्रश्नाचे उत्तर शोधिले, तो कोणा मोठ्या विद्यापीठाचा अध्यापक नव्हता. तो एका लहान गावच्या मंडळीचा पाळक होता. त्याचे नाव रेव्हरंड स्टीफन हेल्स. त्यांचे चरित्र खेड्यात सेवा करणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेण्याजोगे आहे.

हेल्स ह्यांचा जन्म १६७७ सालच्या सप्टेंबर महिन्यात, इंग्लंडातील केंट परगण्यातील बेक्सबोर्न ह्या गावी झाला. घराणे प्रतिष्ठित होते व भावंडे पुष्कळ होती. १६९६ साली ते केंब्रिज येथील विद्यालयात दाखल झाले. तेथे धर्मशास्त्राच्या अभ्यासाबरोबर त्यांस सृष्टिशास्त्राचीही गोडी लागली. विल्यम स्ट्यूकली नावाच्या स्नेह्यासह ते जॉन रे ह्यांचे वनस्पतींविषयीचे पुस्तक घेऊन आसपासच्या रानांत हिंडत, आणि प्रत्येक झाडाची ओळख करून घेत. त्या काळी केंब्रिजमध्ये सर आयझॅक न्यूटन ह्यांच्या विचारांचा मोठा प्रभाव होता. जे सांगावयाचे ते मोजून सांगावे, हा धडा हेल्स तेथे शिकले आणि जन्मभर विसरले नाहीत.

१७०९ साली त्यांची नेमणूक लंडनच्या पश्चिमेस थेम्स नदीच्या काठी असलेल्या टेडिंग्टन गावच्या मंडळीवर झाली. पुढे दुसऱ्या एकदोन ठिकाणच्या मंडळ्यांचे अधिकारही त्यांस मिळाले, तथापि त्यांनी आपले घर टेडिंग्टन येथेच ठेविले. १७६१ साली मरण आले तोपर्यंत, म्हणजे पन्नासांहून अधिक वर्षे, ते त्याच गावचे पाळक होते. १७२० साली त्यांचा विवाह झाला, परंतु पुढच्याच वर्षी पत्नीचे निधन झाले. मूलबाळ नव्हते, आणि त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. अशा एकाकी घरात, उपासना, लग्ने, बाप्तिस्मे व प्रेतसंस्कार ह्यांची कामे आटोपून जो वेळ उरे, त्यात त्यांनी आपले प्रयोग केले.

आरंभी त्यांचे लक्ष जनावरांच्या शरीरातील रक्ताकडे होते. रक्त शरीरात फिरते हे विल्यम हार्वी ह्यांनी १६२८ साली दाखविले होते, पण ते किती जोराने फिरते हे कोणी मोजिले नव्हते. काही दुखण्यामुळे निकामी झालेली व मारून टाकावयाची ठरलेली एक घोडी हेल्स ह्यांनी घेतली, तिच्या मांडीच्या रक्तवाहिनीत पितळेची बारीक नळी बसविली, आणि तीस उंच काचेची नळी जोडिली. रक्त त्या काचेच्या नळीत ८ फूट ३ इंचांपर्यंत चढले. रक्तदाबाचे मापन म्हणून जे आज प्रत्येक दवाखान्यात होते, त्याची ही सुरुवात होय. परंतु हा मार्ग वेदनेचा होता. शेजारच्या ट्विकनहॅम गावी राहणारे प्रसिद्ध कवी अलेक्झांडर पोप हे हेल्स ह्यांचे स्नेही असून त्यांच्या सज्जनपणाची वाखाणणी करीत, तरी कुत्र्यांवर होणारे त्यांचे प्रयोग पोप ह्यांस मुळीच रुचत नसत. खुद्द हेल्स ह्यांसही ही चिरफाड अप्रिय वाटू लागली व काही वर्षे त्यांनी ते काम बाजूला ठेविले. सृष्टीचे ज्ञान मिळवावे तर जिवास पीडा होते, आणि पीडा टाळावी तर ज्ञान खुंटते, असा हा पेच होता. त्यातून ते झाडांकडे वळले.

ह्या वळणास एक लहानसा प्रसंग कारण झाला. १७२० सालच्या सुमारास त्यांच्या बागेतील एक द्राक्षवेल छाटली गेली, पण छाटणीचा हंगाम टळून गेला होता. त्यामुळे कापलेल्या जागेतून रस झिरपू लागला व थांबेना. वेल मरून जाईल ह्या भीतीने हेल्स ह्यांनी जनावराच्या मूत्राशयाचे पातळ कातडे त्या जखमेवर घट्ट बांधिले. थोड्या वेळाने पाहतात तो आतून येणाऱ्या रसाने ते कातडे फुगून ताणले गेले होते. दुसरा कोणी असता तर आणखी एक दोरी बांधून निघून गेला असता. हेल्स ह्यांच्या मनात मात्र आले की, घोडीच्या रक्तास जशी नळी लाविली तशी ह्या वेलीच्या रसासही लावावी. पुढे त्यांनी द्राक्षवेलीच्या बुंध्यास पारा भरलेली वाकडी नळी जोडिली, तेव्हा मुळांतून वर येणाऱ्या रसाने ३८ इंच पारा उचलून धरिला. तितक्याच जोराने पाणी ४३ फुटांहून अधिक उंच चढले असते. घोडीच्या रक्ताच्या जोराशी ताडून पाहता वेलीचा जोर सुमारे पाचपट भरला. ज्या वेलीस आपण दुबळी समजतो, तिच्या मुळांत एवढे सामर्थ्य आहे, हे त्या दिवसापर्यंत कोणास ठाऊक नव्हते.

परंतु हा जोर वसंत ऋतूत, पाने फुटण्यापूर्वीच दिसून येई. वेलीस भरपूर पाने आली म्हणजे कापलेल्या जागेतून रस वाहत नसे. मग उन्हाळ्यात पाणी वर चढविते कोण? ह्याचा शोध घेण्यासाठी हेल्स ह्यांनी झाडांच्या फांद्या कापून त्यांची टोके पाण्यात ठेविली. काही फांद्यांची पाने तशीच राखिली व काहींची काढून टाकिली. पाने असलेल्या फांद्यांनी पुष्कळ पाणी ओढिले, पाने काढलेल्यांनी अगदी थोडे. तेव्हा त्यांनी असा निर्णय केला की, पाने पाणी बाहेर सोडितात म्हणूनच खालचे पाणी वर ओढले जाते. मूळ ढकलते आणि पान ओढते, आणि ह्या दोहोंत पानाचे ओढणे मोठे.

आता हे बाहेर जाणारे पाणी मोजावयाचे होते. हेल्स ह्यांच्या आधी बेल्जम देशातील व्हान हेल्माँट ह्यांनी वाळुंजाच्या जातीचे एक झाड पाच वर्षे कुंडीत वाढवून, मातीचे वजन जवळजवळ होते तेवढेच राहिले असे दाखविले होते. पण त्यांनी किती पाणी घातले व किती उडून गेले ह्याचा जमाखर्च ठेविला नव्हता. १६९९ साली लंडनच्या जॉन वुडवर्ड ह्यांनी पाण्यात वाढविलेल्या रोपांनी किती पाणी ओढिले हे मोजिले होते. इटलीतील वैद्य सँक्टोरियस ह्यांनी तराजूस टांगलेल्या खुर्चीत बसून, खाल्ले-प्यालेले किती व शरीरातून नकळत निघून गेले किती, ह्याचे वजन वर्षानुवर्षे केले होते. हेल्स ह्यांनी ह्या सर्वांचा धागा हाती घेतला.

१७२४ सालच्या जुलै महिन्यात त्यांनी साडेतीन फूट उंचीचे एक सूर्यफुलाचे झाड कुंडीसकट घेतले. कुंडीच्या तोंडावर शिशाचा पातळ पत्रा बसवून सर्व फटी बुजविल्या, म्हणजे मातीतून वाफ जाऊ नये. पत्र्यात दोनच नळ्या ठेविल्या, एक हवेसाठी व दुसरी पाणी घालण्यासाठी. मग ३ जुलैपासून ८ ऑगस्टपर्यंतच्या काळात पंधरा दिवस सकाळी व संध्याकाळी त्यांनी त्या कुंडीचे वजन केले. १६ औंसांचा एक रत्तल, ह्या मापाने त्यांचा हिशेब असा निघाला. बारा तासांच्या दिवसात ते झाड सरासरीने १ रत्तल ४ औंस, म्हणजे सुमारे ५६७ ग्रॅम पाणी हवेत सोडी. कोरड्या, कडक उन्हाच्या दिवशी हा आकडा १ रत्तल १४ औंस, म्हणजे सुमारे ८५० ग्रॅमपर्यंत गेला. दव न पडलेल्या उबदार रात्री सुमारे ३ औंसच पाणी जाई. थोडे दव पडले तर काहीच जात नसे. आणि पुष्कळ दव किंवा थोडा पाऊस पडला तर झाड व कुंडी ह्यांचे वजन उलट दोनतीन औंसांनी वाढे.

ह्या हिशेबातील प्रामाणिकपणा पाहण्याजोगा आहे. कुंडी कच्च्या मातीची, चकाकी न दिलेली होती, तेव्हा तिच्या अंगातूनही काही पाणी जात असेल अशी शंका हेल्स ह्यांस होती. म्हणून शेवटी त्यांनी झाड पत्र्यालगत कापून टाकिले, खुंट बुजविला, आणि नुसत्या कुंडीचे वजन करून पाहिले. दिवसाच्या बारा तासांत दोन औंस पाणी कुंडीतूनच जाते असे दिसले. तेवढे त्यांनी झाडाच्या नावावरून वजा केले. आपल्या मतास अनुकूल असलेला आकडा असा स्वतःच्या हाताने कमी करणारा मनुष्य विश्वासास पात्र असतो.

पुढे त्यांनी त्या झाडाच्या सर्व पानांचे क्षेत्रफळ मोजिले. ते ३९ चौरस फूट भरले. मुळांचे क्षेत्रफळ त्याच्या निम्म्याहूनही कमी, १६ चौरस फुटांच्या आत होते. मग त्यांनी झाडाची मनुष्याशी तुलना केली. आकाराच्या मानाने पाहता, सूर्यफूल चोवीस तासांत मनुष्याच्या सतरापट पाणी घेते व सोडते, असे त्यांस आढळले. कोबी, द्राक्ष, सफरचंद, लिंबू अशा इतर झाडांचीही त्यांनी अशीच परीक्षा केली. बारमाही हिरवी राहणारी झाडे पानगळीच्या झाडांपेक्षा पुष्कळ कमी पाणी सोडितात, म्हणूनच ती हिवाळ्यात पाने राखू शकतात, हेही त्यांच्या ध्यानात आले. पानांनी सोडलेले पाणी काचेच्या भांड्यात धरून त्यांनी तपासिले, तेव्हा ते अगदी स्वच्छ असे दिसले.

जमिनीसही त्यांनी सोडिले नाही. पृष्ठभागापासून खाली एकाखाली एक असे मातीचे घनफूट खणून प्रत्येकात किती ओलावा आहे, दव किती पडते आणि उघड्या जमिनीतून किती वाफ होऊन जाते, ह्यांचा त्यांनी विचार केला. कोरडे बी पाणी किती जोराने ओढून घेते हे पाहण्यासाठी लोखंडी भांड्यात वाटाणे व पाणी घालून झाकणावर १८४ रत्तल वजन ठेविले. भिजून फुगलेल्या वाटाण्यांनी ते वजन वर उचलिले.

हे सर्व प्रयोग १७२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. हेल्स हे १७१८ पासून रॉयल सोसायटी ह्या विद्वत्सभेचे सभासद होते, आणि सभेचे अध्यक्ष न्यूटन ह्यांनी आपल्या मृत्यूच्या थोडेच दिवस आधी ह्या ग्रंथाच्या छपाईस संमतीची सही दिली होती. झाडांतील रस जनावरांच्या रक्ताप्रमाणे गोल फिरतो, असे त्या काळी पुष्कळांचे मत होते. सालीच्या व लाकडाच्या ठिकठिकाणी खाचा पाडून हेल्स ह्यांनी दाखविले की तसे नाही. पाणी खालून येते व पानांतून निघून जाते.

त्यानंतरच्या काळात ह्या ज्ञानात पुष्कळ भर पडली आहे. पानांच्या अंगावर, विशेषतः खालच्या बाजूस, डोळ्यांस न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांस पर्णरंध्रे म्हणतात. हवेतील कार्बन डाय ऑक्साइड हे अन्न आत घेण्यासाठी झाडास ही दारे उघडावी लागतात, आणि दार उघडले की आतील ओलावा बाहेर जातो. अन्न हवे तर पाणी गमवावे लागते, हा झाडाचा नित्याचा व्यवहार होय. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी बहुतेक सर्व असेच निघून जाते व अगदी थोडे झाडाच्या अंगी लागते. पाणी कमी पडले की झाड ही दारे मिटून घेते, पण मग त्याची वाढही थांबते. उंच वृक्षांच्या शेंड्यापर्यंत पाणी कसे चढते, ह्याचा उलगडा १८९४ साली डिक्सन व जॉली ह्या दोघांनी केला. पाण्याचे कण एकमेकांस इतके घट्ट धरून असतात की, पानातून एक कण उडाला म्हणजे त्याच्यामागची सारी ओळ वर ओढली जाते. हेल्स ह्यांनी पानांकडे दाखविलेले बोट बरोबर होते. आणि पानांनी सोडलेले पाणी वाया जात नाही. जमिनीवर जो पाऊस पडतो त्यातील निम्म्याहून अधिक पाणी माती व झाडे ह्यांच्या वाटे पुन्हा हवेत जाते, आणि त्यातून पुन्हा ढग बनतात.

हेल्स ह्यांची कीर्ती वाढली. १७३३ साली त्यांचा रक्तासंबंधीचा ग्रंथ निघाला, १७३९ साली रॉयल सोसायटीने त्यांस कॉप्ली पदक दिले, आणि राजघराण्यातील माणसे त्यांच्या भेटीस येऊ लागली. विंडसर येथील मानाची जागा त्यांस देऊ केली असता, आपल्या मंडळीत राहता यावे म्हणून त्यांनी ती नाकारिली. आपली विद्या त्यांनी लोकांच्या उपयोगी लाविली. समुद्रावरील खलाशांचे पिण्याचे पाणी पिंपांत सडून जाई. ते गोडे कसे टिकवावे व खाऱ्या पाण्याची वाफ करून गोडे पाणी कसे मिळवावे, ह्याविषयी त्यांनी १७३९ साली पुस्तक लिहिले, आणि १७५६ साली तीच रीत सुधारून पुन्हा प्रसिद्ध केली. जहाजे व तुरुंग ह्यांतील कोंदट, दमट हवा बाहेर काढण्यासाठी त्यांनी मोठे भाते तयार केले, व १७५२ साली लंडनच्या न्यूगेट तुरुंगावर त्यासाठी पवनचक्की बसविली. तुरुंगातील ताप वाईट हवेने येतो अशी त्या वेळची समजूत होती. तो उवांमुळे पसरतो हे पुष्कळ पुढे कळले. तरी अंधाऱ्या कोठड्यांतील माणसांस स्वच्छ हवा मिळाली पाहिजे, असे म्हणणारे ते एक अग्रेसर होते.

त्या काळी इंग्लंडातील गरीब लोकांत जिन नावाच्या दारूचे व्यसन भयंकर माजले होते. हेल्स ह्यांनी १७३४ साली आपले नाव न घालता एक छोटे पुस्तक लिहून, ऊर्ध्वपातित दारूने शरीराची कशी हानी होते हे लोकांस समजाविले. दारूस आळा घालण्यासाठी १७३६ व १७५१ साली जे कायदे झाले, त्यांस अनुकूल मत तयार करणाऱ्यांत ते होते. एकीकडे लोकांच्या हातातील दारू सुटावी म्हणून खटपट, तर दुसरीकडे त्यांच्या घरी चांगले पाणी यावे म्हणून खटपट, अशी त्यांची दुहेरी सेवा होती. घरातील लहान गोष्टही ते क्षुद्र मानीत नसत. फळांची पोळी भट्टीत भाजताना आतला रस उतू जातो, तो जाऊ नये म्हणून मधोमध एक पेला पालथा ठेवावा, असेही त्यांनी गृहिणींस सुचविले होते.

टेडिंग्टन गावासाठी त्यांनी केलेल्या कामांपैकी एक येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. १७५४ साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खटपट करून गावास चांगल्या पाण्याचा पुरवठा करून दिला. आणि मंडळीच्या नोंदवहीत, जेथे जन्म, विवाह व मृत्यू ह्यांच्या नोंदी होतात तेथे, त्या पाण्याचीही नोंद केली. दोन क्वार्टांचे भांडे लंबकाच्या तीन हेलकाव्यांत भरते, आणि तो लंबक खिळ्यापासून ओळंब्याच्या मध्यापर्यंत ३९.२ इंच लांब आहे, असे त्यांनी टिपून ठेविले. एवढ्या लांबीचा लंबक एका सेकंदास एक हेलकावा घेतो. म्हणजे तीन सेकंदांत सुमारे दोन लिटर, तासास दोन हजार लिटरांहून अधिक पाणी. त्यांच्यामागून येणाऱ्या कोणाही पाळकाने तसाच लंबक टांगून झऱ्याचे पाणी वाढले की घटले हे पाहावे, अशी सोय त्यांनी करून ठेविली. ज्या हातांनी सूर्यफुलाचा जमाखर्च मांडिला, त्याच हातांनी गावच्या पाण्याचाही मांडिला.

१७६१ सालच्या जानेवारीच्या ४ तारखेस, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी हेल्स निवर्तले. देवळाचा जो मनोरा त्यांनीच पुन्हा बांधविला होता, त्याच्या खाली त्यांस पुरण्यात आले. वेल्सची राजकन्या ऑगस्टा हिने लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांचे स्मारक उभारिले, आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनी पांढऱ्या घंटेसारखी फुले येणाऱ्या एका झाडाच्या जातीस हेलेशिया असे नाव दिले.

वाचकहो, हेल्स ह्यांच्यापाशी एक तराजू, काही काचेच्या नळ्या, बागेतील झाडे आणि एक लहान गाव, एवढेच भांडवल होते. आपल्या गावातही विहीर आहे, तिचे पाणी चढते व उतरते. आपल्या परसातही झाड आहे, ते दिवसा पाणी सोडते व रात्री विसावते. नवे रोप संध्याकाळी लावावे, त्यावर सावली धरावी, मुळांशी पालापाचोळा घालून मातीचा ओलावा राखावा, हे आपले वडील सांगत आले, त्यामागचे कारण ह्या पाळकाच्या प्रयोगांत उघड झाले आहे. तरी ज्या कोणा उपदेशकास हे वाचून उमेद वाटेल, त्याने येत्या उन्हाळ्यात दोरीस गाठी मारून आपल्या गावच्या विहिरीचे पाणी दर आठवड्यास मोजावे, आणि मंडळीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावे. पाणी आटू लागले हे गावास वेळेवर कळले, तर उपायही वेळेवर होईल.